डाव्या चाकाचं घर

नानासाहेबांचा नातू अजिंक्य गाडी मागायला आला तेव्हा मी अंगणात भुईमुगाच्या शेंगा फोडत बसले होते. चिंचवड गावठाणातल्या आमच्या बोळात त्याची मोटार शिरली नाही. ती तोंडाशी लावून पांढरे बूट सांभाळत, गटाराच्या फरश्यांवरून उड्या मारत तो आला.

"आजी, आजोबांनी पाठवलंय. खंडेनवमीला कंपनीत मोठी पूजा आहे, जुने सगळे कामगार येणार आहेत. आजोबा म्हणतात, जिच्यापासून सुरुवात झाली ती फियाट गेटपाशी हिरवळीवर ठेवायची. कायमची. वर काचेचं छत करतोय."

"कायमची?"

"हो. क्रेन पाठवतो. तुम्ही काहीच करायचं नाही."

मुलगा गोड बोलणारा. आईवर गेलाय. मी त्याला मूठभर शेंगा दिल्या आणि मागच्या रस्त्यालगतच्या पत्र्याच्या आडोशाकडे पाहिलं. तिथे ताडपत्रीखाली फियाट उभी होती, विटांवर.

ती तशी का उभी होती, हे सांगायला हवं.

माझे यजमान सयाजी आणि हे नानासाहेब, दोघांनी मिळून चिंचवड स्टेशनजवळ एक शेड घेतली होती. दोघंही टर्नर, लेथवर लोखंड कातणारे. दोन लेथ, एक ड्रिलिंग मशीन आणि ही फियाट. नाना वयाने लहान, मला वहिनी म्हणायचे. दोघं एका डब्यात जेवायचे. माझ्या हातची ज्वारीची भाकरी नाना मोडून घ्यायचे आणि सयाजीला म्हणायचे, "दादा, तुम्ही चपाती खा, तुमचे दात गेले." सयाजीचे सगळे दात शाबूत होते.

मग एका एकादशीला नानांच्या आई यशोदाबाई यांना आळंदीला न्यायचं ठरलं. नानांना कुठल्या तरी कंपनीत साहेबाला भेटायचं होतं, म्हणून गाडी सयाजी नेणार होते. निघताना नाना म्हणाले, "दादा, पुढचं डावं चाक जरा ढिलं वाटतंय. नट तेवढा बघा." सयाजींनी चाकाची टोपी काढली, नट आवळला, पिन घातली आणि निघाले. यशोदाबाई पुढेच बसल्या होत्या, डाव्या बाजूला. इंद्रायणीच्या अलीकडच्या उतारावर तेच चाक धरलं, फिरायचंच थांबलं, गाडी वाकडी होऊन मोरीच्या कठड्यावर गेली. यशोदाबाईंचं खुब्याचं हाड मोडलं. त्या पुन्हा चालल्या नाहीत.

गाडी पुढून टांगून आणली. नानांनी चाकाकडे एक नजर टाकली आणि जमलेल्या सगळ्यांसमोर म्हणाले, "दादा, नट फार आवळलात. आवळून थोडा मागे घ्यायचा असतो, हे मी तुम्हाला शिकवायचं का?"

सयाजी हात पुसून घरी आले. रात्री मला म्हणाले, "मंजुळा, मी मागे घेतला होता गं. घेतला होता असं वाटतंय." दुसऱ्या दिवशी म्हणाले, "बहुतेक नसेल घेतला." आठवड्याने त्यांना खात्रीच पटली.

त्या दिवसानंतर त्यांनी हातात पाना धरला नाही. शेड सोडली. ती नानांनी वाढवली, पुढे महाळुंग्याला कंपनी काढली. सयाजी दुसऱ्याच एका कारखान्याच्या फाटकावर पहारेकरी म्हणून उभे राहिले, निवृत्त होईपर्यंत. घरात नळ गळायला लागला तर हा टर्नर प्लंबरला बोलवायचा. गॅसचं बटण बंद केलं की परत येऊन बघायचे, पुन्हा बघायचे. दर एकादशीला यशोदाबाईंच्या पाया पडायला जायचे आणि त्या भिंतीकडे तोंड करून घ्यायच्या. नाना शेजारी खुर्चीत बसून हे पाहायचे. चहा विचारायचे. यशोदाबाई गेल्या तेव्हा सयाजी स्मशानात फाटकाबाहेर उभे राहिले, आत गेले नाहीत.

नानांनी गाडी भंगारात काढायला सांगितली होती, पुन्हा पुन्हा. तेवढ्या एका गोष्टीला सयाजी नाही म्हणाले. "ती माझ्या डोळ्यांपुढे राहू दे." दर खंडेनवमीला त्यांचे दोस्त मीरासाहेब मेकॅनिक यायचे, इंजिन चालू करायचे, मी हळदकुंकू लावायचे, तीन चाकांना झेंडूचे हार घालायचे. डाव्या पुढच्या चाकाला सयाजी हार घालू द्यायचे नाहीत. उघडूही द्यायचे नाहीत.

सयाजी गेले, त्यानंतर मीरासाहेबांचा मुलगा अफताब येऊ लागला.

अजिंक्यला मी म्हटलं, "गाडी देते. पण क्रेन नको. एकदा टांगून आली होती, दुसऱ्यांदा टांगून जायची नाही. स्वतःच्या चाकांवर येईल."

"चालेल की! आणखी छान."

संध्याकाळी नानांचाच फोन आला. कितीतरी वर्षांनी.

"वहिनी, कशाला त्रास घेता? क्रेन येईल. ती चाकं उघडायच्या फंदात पडू नका. अपशकुनी आहेत."

"बरं भावजी," मी म्हटलं.

फोन ठेवल्यावर माझ्या मनात आलं, चाकं उघडायचं नाव मी कुठे काढलं होतं?

अफताबचं गॅरेज आमच्या बोळापासून जवळच. त्याने टायर आणि ब्रेकचं सामान आणलं, तीन चाकं उघडून साफ केली. चौथ्याशी आला आणि मला हाक मारली. मीरासाहेब आता थकलेत, त्यांना दमा आहे. तेही खुर्ची टाकून बसले होते.

"काकी, डावं उघडू ना? अब्बा म्हणतात, चाचांची मनाई होती."

"मनाई करणारा गेला. उघड."

टोपी गंजून बसली होती. ठोकून ठोकून निघाली. नट निघाला. मग त्याने ड्रम ओढला आणि आतला बेअरिंग आपोआप घरंगळत त्याच्या तळहातावर आला.

"हे काय?" अफताब म्हणाला. "अब्बा, बघा. बाहेरची कडी हबमध्ये, या चाकाच्या तुंब्यात, घट्ट बसायला पाहिजे, ठोकल्याशिवाय निघू नये. ही तर हातात आली."

मीरासाहेबांनी चष्मा पुसला. "घर गेलंय," ते म्हणाले. मग मला समजावत म्हणाले, "वहिनी, बेअरिंग ज्या खोबणीत बसतो ना, त्याला घर म्हणतात. ते झिजलं की कडी आत गरगर फिरते, तापते, आणि एक दिवस चाक धरतं. नटाचा काही संबंध नाही. सयाजीने नट आवळला असता काय, नसता काय."

शेंगा फोडणारी बाई मी, पण टर्नरशी संसार केला होता. हातात द्या म्हटलं. अफताबने तो जड हब पुसून माझ्यापुढे धरला आणि बॅटरी लावली.

आत, घराच्या गोल भिंतीवर, पंचाचे, टोकदार खिळ्यासारख्या हत्याराचे, ठोके होते. बारीक टिंबं. काही घासून गेली होती, काही शाबूत.

"हे कोणीतरी जुगाड केलंय," अफताब म्हणाला. "घर ढिलं झालं की आळशी लोक पंच मारतात. प्रत्येक टिंबाभोवती लोखंड थोडं वर येतं, कडी तेवढ्यापुरती घट्ट बसते. चार दिवस चालतं. बारीक कारागीर असलं करत नाही."

टिंबं तीन-तीनच्या पुंजक्यांत होती. बेलाच्या पानासारखी. वर एक, खाली दोन.

त्या काळी शेडमध्ये प्रत्येकाची खूण असायची. केलेल्या कामावर पंचाने आपली खूण ठोकायची, म्हणजे तपासणीत कोणाचं काम ते कळे. सयाजी एकच आडवी रेघ मारायचे. नानांचं कुलदैवत महादेव, ते बेलपान मारायचे. डब्याच्या झाकणावर, पक्कडीवर, शेडच्या कडीवरसुद्धा. हात पंचावर पडला की तीन टिंबं पडायचीच. आत अंधारात, कोणाला दिसणार नाही अशा जागी घाईने ठोकतानाही हाताने आपली सवय सोडली नव्हती.

इतकी वर्षं मला नानांचा राग होता, पण त्या रागाला उभं राहायला जागा नव्हती. आज मिळाली. एकादशीला खुर्चीत बसून चहा विचारणारे नाना मला दिसले. भिंतीकडे तोंड केलेली म्हातारी दिसली. गॅसचं बटण पुन्हा बघायला वळणारे सयाजी दिसले.

"अफताब," मी म्हटलं, "आहे तसंच परत बसव."

"काकी?"

"तोच बेअरिंग, तोच हब. टोपी लाव. वरून रंग मार. आणि त्या बेलपानवाल्याला पुढे डावीकडे बसवून आळंदीच्या उतारावर ने."

अफताब हसायला लागला, मग माझ्या तोंडाकडे पाहून थांबला. "काकी, चालवणार कोण? मी. माझ्या पोरीच्या, कशफच्या शाळेची फी कोण भरेल मग?"

मीरासाहेब मात्र हसले नाहीत. दम लागत होता, तरी बोलले. "वहिनी, चाक निघालं तर लोक काय म्हणतील, ठाऊक आहे? म्हणतील, सयाजीची गाडी. तेव्हाही त्याने मारलं, आताही त्यानेच मारलं. नाना मेला तरी बेकसूर मरेल."

ते ऐकून मला आणखी राग आला, कारण ते खरं होतं.

मी उठून आत गेले. गॅसवर दूध उतू गेलं होतं. ते पुसलं आणि पुसता पुसता ठरवलं. नानांच्या अंगाला धक्का लागायला नको होता मला. नानांच्या तोंडातून ते बाहेर यायला हवं होतं, सगळ्यांसमोर, नातवासमोर, त्यांच्याच जिभेने.

बाहेर येऊन म्हटलं, "हब नीट कर. पण हा नाही."

"बरोबर," अफताब म्हणाला, "हा लेथवर धरला, आतून छिलला, तर टिंबं जातील. दुसरा बघतो."

कुदळवाडीतून उठून मोशीकडे गेलेल्या एका भंगारवाल्याकडे त्याला तसाच हब मिळाला. त्याचंही घर झिजलेलंच. तो भोसरीला एका जुन्या लेथवाल्याकडे नेला. मी सोबत गेले, हट्टाने. त्या माणसाने घर आतून मोठं केलं, जाड लोखंडी कडं दाबून बसवलं आणि ते पुन्हा बारीक मापाने कोरलं. नवा बेअरिंग त्यात बसवताना टक्‌ टक्‌ आवाज बदलत गेला आणि शेवटी भरीव झाला. तो आवाज मी कितीतरी वर्षांनी ऐकत होते. लेथवाल्याला म्हटलं, "यावर एक आडवी रेघ मारा." त्याने कारण विचारलं नाही. मारली.

अफताबने चाक चढवलं, ग्रीस भरलं, नट आवळला.

"मागे घे," मी म्हटलं.

"घेतोय काकी."

"घेतलास?"

"तुमच्या डोळ्यांदेखत घेतला. पिन तुम्हीच घाला."

पिन मी घातली. तिची टोकं मुडपली पक्कडीने. चाक हाताने फिरवलं, तर फिरत राहिलं, आवाज नाही.

खंडेनवमीला महाळुंग्याला गेलो. अफताब चालवत होता, मी पुढे डावीकडे. पायाशी पिशवीत जुना हब. चाकणच्या रस्त्यावर कंटेनरवाल्यांनी हॉर्न देऊन देऊन जीव नकोसा केला, पण आमचं चाक गप्प होतं. निघण्याआधी अफताबला एकच गोष्ट बजावली होती.

कारखान्याच्या आवारात मोठा मांडव. लाल कापडावर पाने, हातोड्या, पक्कडी मांडलेल्या, झेंडूचे ढीग, कापलेले लिंबू. जुन्यांपैकी बुद्धरत्न भेटला, शेडमधला ड्रिलवाला. पाठीत वाकलाय, पण बोलणं तेच.

"वहिनी! आवो, ही अजून जित्ती हाय? मला वाटलं, भंगारात गेली आसंल."

"जिवंत आहे. चालत आली."

"आन् म्या आलो रिक्षानं," तो म्हणाला. "बगा, कोन पुढं गेलं."

नानासाहेब खुर्चीत होते. फेटा बांधलेला, हातात काठी. मला बघून उठले, हात जोडले. "वहिनी, आलात. बरं वाटलं." नजर माझ्यावर नव्हती, डाव्या चाकावर होती.

पूजा झाली. गाडीला हार घातले. डाव्या पुढच्या चाकाला हार मी स्वतः घातला. मग अजिंक्यला म्हटलं, "बाळ, आजोबांना घेऊन एक फेरी मार ना गेटपर्यंत. सगळ्यांना बघू दे."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. अजिंक्य उडी मारून स्टिअरिंगवर बसला. "चला आजोबा!"

नाना गाडीपाशी आले. दारावर हात ठेवला. बाजूला उभ्या अफताबला हळू आवाजात विचारलं, "चाकं उघडलीस का रे?"

"तीन उघडली, साहेब."

"चौथं?"

"काकी म्हणाल्या, चाचांची मनाई आहे. टोपीला रंग मारला नुसता."

एवढंच मी त्याला बजावलं होतं. नानांचा हात दारावरून निघाला. आत अजिंक्यने किल्ली फिरवली, इंजिन धडधडलं. "आजोबा, बसा ना! गेटबाहेर रस्त्यावरपण नेतो, एकदम शंभरने!"

"उतर," नाना म्हणाले.

"काय?"

"उतर आधी! अजिंक्य, बंद कर! त्या चाकाचं घर गेलंय, बेअरिंग आत फिरतो! मरशील! उतर म्हणतो ना!" काठी त्यांनी बॉनेटवर आपटली. फेटा तिरका झाला.

अजिंक्यने इंजिन बंद केलं. टाळ्या कधीच थांबल्या होत्या. जुने टर्नर जवळ उभे होते. त्यांना हे बोलणं कळत होतं.

बुद्धरत्न पुढे झाला. "घर गेलं व्हतं? डाव्या चाकाचं? नाना, तुमी तर सांगितलं व्हतं, सयाजीदादानं नट आवळला."

"आजोबा," अजिंक्य म्हणाला, "ते चाक तर कोणी उघडलंच नाही, असं अफताबभाई म्हणाले ना? मग तुम्हाला कसं माहीत?"

मी पिशवी उचलली. जड होती, पण अफताबला हात लावू दिला नाही. हब काढून लाल कापडावर ठेवला, पान्यांच्या मध्ये, खोबणीची बाजू वर.

"गाडीत नवा हब आहे, अजिंक्य, घाबरू नकोस. हा जुना. बुद्धरत्नभाऊ, बोट घाला आत. काय लागतं?"

त्याने बोट घातलं, गोल फिरवलं, मधेच थांबला. "टिंबं हायेत. तीन." मग मान वर करून नानांकडे पाहिलं आणि बोट बाहेर काढून धोतराला पुसलं. एवढंच त्याने केलं. पण मागचे दोन म्हातारे पुढे आले आणि त्यांनीही बोट घातलं. एकामागून एक. पूजेला रांग लागते तशी.

"वहिनी," नाना म्हणाले, "कामाची घाई होती. आदल्या दिवशी पंच मारला, वाटलं, आळंदीपर्यंत जाईल. मग आईचा खुबा मोडला. आईने मला घरात ठेवलं नसतं."

"म्हणून माझ्या माणसाला घराबाहेर ठेवलंत."

"मी सांगणार होतो."

"कधी? त्यांनी नळाला प्लंबर बोलावला तेव्हा? तुमच्या आईच्या पाया पडायला यायचे तेव्हा? तुम्ही चहा विचारायचात, भावजी. चहाऐवजी हे विचारायचं होतं." मला ओरडायचं नव्हतं, आणि मी ओरडले नाही. "आज नातू गाडीत बसला तर तोंड फुटलं. सयाजी बसले होते, तेव्हा नाही फुटलं. स्वतःची आई बसली होती, तेव्हासुद्धा नाही."

ते खुर्चीकडे गेले आणि बसले. कोणीतरी पाणी दिलं. ते नुसतं हातात धरून राहिले. माझ्या मनात दया आली नाही. येईल असं वाटलं होतं, सयाजी असते तर त्यांना आली असती. मला नाही आली.

"कुंकू लावा," मी म्हटलं. "तुमच्या हातचं काम आहे. पूजा अर्धी राहिली."

नानांनी थाळीतलं कुंकू घेतलं आणि हबला लावलं. अर्धं कुंकू कापडावर सांडलं.

अजिंक्य माझ्याजवळ आला. डोळे लाल. "आजी, मी काय करू?"

"गाडी मी परत नेते. तुझ्या काचेच्या छताखाली हा ठेव. बोट घालता येईल असा."

"आजोबा रोज गेटमधून येतात, आजी."

"ठाऊक आहे," मी म्हटलं.

लोक उद्याच्या दसऱ्याला सोनं म्हणून द्यायला आणलेल्या आपट्याच्या पानांकडे बघत उभे होते. बुद्धरत्न मला गाडीपर्यंत सोडायला आला. दार उघडून म्हणाला, "वहिनी, दादाच्या नावानं एक सांगू? त्यो लई चांगला टर्नर व्हता."

"मला नका सांगू. त्यांना सांगा," मी म्हटलं आणि मांडवाकडे बोट केलं. "सगळ्यांना."

तो वळला आणि खरंच तिकडे गेला. पाठीत वाकलेला माणूस, पण आवाज अजून शेडमधल्या मशीनवर चढणारा.

अफताबने गाडी काढली. मी पुढे डावीकडे बसले. खिडकीतून मान बाहेर काढून खाली पाहिलं. झेंडूचा हार चाकाबरोबर गरगर फिरत होता, पाकळ्या रस्त्यावर पडत होत्या.

"आळंदीवरून जाऊ या," मी म्हटलं.

"लांब पडेल, काकी."

"पडू दे. तो उतार उतरायचा आहे."